जावईबापू उभे राहतात

"या रविवारी मी उभा राहणार म्हणजे राहणारच!"

हे वाक्य जावईबापूंनी न्हाणीघरात, दाराला कडी घालून, नळ पूर्ण सोडून आणि मोबाइल ओठांना चिकटवून उच्चारले. गुप्ततेसाठी माणसाच्या हाती जेवढे असते तेवढे सारे त्यांनी केले होते. मात्र त्या इमारतीची न्हाणीघरे एकावर एक रचलेली असून साऱ्यांच्या खिडक्या एकाच अरुंद बोळकांडीत उघडतात. हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या त्या बोळकांडीत हवा सोडून बाकी सगळे खेळते, एवढेच तेवढे त्यांच्या ध्यानात आले नाही.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्या वेळी दात घासत होत्या. त्यांचा ब्रश जागच्या जागी थांबला.

"गेल्या खेपेला पडलो, कबूल आहे. पार तोंडावर आपटलो," वरून आवाज आला. "पण घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. सासऱ्यांना तर मुळीच कळता कामा नये... हो, लाट पाहिजे. लाट असली की कुणीही उभा राहतो... फळी तुम्हीच आणा. चांगली मजबूत फळी पाहिजे... पहाटे किनाऱ्यावर, नेहमीच्या जागी."

वहिनींनी चूळसुद्धा भरली नाही. तोंडातला फेस तसाच गिळून त्या बाहेर धावल्या.

ज्या वाक्यांनी वहिनींना फेस गिळायला लावला, त्यांचा खरा अर्थ अगदी निरुपद्रवी होता. जावईबापू गेले तीन महिने दर रविवारी पहाटे समुद्रावर सर्फिंग शिकत होते. लांबट फळीवर पालथे पडायचे, लाटेने उचलले की झटकन उभे राहायचे आणि तिच्यावरून घसरत किनारा गाठायचा, असा हा खेळ. त्यातले पालथे पडणे त्यांना उत्तम साधले होते. उभे राहणे मात्र अजून एकदाही जमले नव्हते.

पण उभे राहणे, पडणे, लाट आणि फळी हे चारही शब्द आपल्या भाषेत समुद्रापेक्षा निवडणुकीत अधिक भिजलेले आहेत. त्यातून त्याच रविवारी, सकाळी अकरा वाजता, इमारतीच्या सोसायटीची वार्षिक सभा होती आणि तीत अध्यक्षाची निवड व्हायची होती. जावईबापूंना त्या सभेचा साफ विसर पडला होता. त्यात त्यांचा दोष नव्हता. एकोणीस वर्षे एकच गृहस्थ बिनविरोध निवडून येत असल्यावर निवडणूक लक्षात ठेवावी तरी कशासाठी?

ते गृहस्थ म्हणजे जावईबापूंचे सासरे.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक होते. शाळा सुटली तरी त्यांचा वर्ग सुटला नव्हता. सभेत कोणी हरकत घ्यायला उठले, की ते चष्म्यावरून पाहत आणि दोनच शब्द उच्चारत, "खाली बसा." आणि हरकत, मग ती कितीही न्याय्य असो, खाली बसे. गच्चीची किल्ली ते गळ्यात दोरीने बांधून हिंडत. गच्चीवर कपडे वाळत घातले तर इमारतीची शिस्त बिघडते, असा त्यांचा सिद्धान्त होता. परिणामी साऱ्या इमारतीचे कपडे वर्षानुवर्षे घरातल्या खुर्च्यांवर वाळत आणि बसायला आलेले पाहुणे ओलसर होऊन परतत.

जावईबापू राहत ते घर सासऱ्यांनीच मिळवून दिलेले, सासऱ्यांच्या घरासमोरचे, दाराला दार लागून. जावईबापूंना नाव होते, परंतु ते वापरण्याची वेळ कोणावर येत नसे. अध्यक्षांचे जावई म्हणून ते साऱ्या इमारतीचेच जावईबापू झाले होते. बाजारात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. दिवसभर ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग सरकवीत आणि मऊ आवाजात विचारीत, "हे बरं, की मघाचं?" गिऱ्हाईक गोंधळून म्हणे, "परत एकदा दाखवा." ते परत दाखवीत. जगाला काय बरे वाटते हे विचारण्यात त्यांची वीस वर्षे गेली होती. त्यांना काय बरे वाटते, हे विचारणारे मात्र कोणी भेटले नव्हते.

मग एके दिवशी डोळे तपासून घ्यायला एक बाई आल्या. उन्हाने रापलेल्या, खांद्यांनी पैलवान, आवाजाने फौजदार. भिंग पुढे करून जावईबापूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तशा त्या खेकसल्या, "तुम्हाला कुठलं बरं वाटतं ते सांगा की!" जावईबापूंना असा धक्का बसला, की भिंग हातातून सुटून फुटले. बाई समुद्रावर सर्फिंग शिकवीत. "माणूस असा बसका का झालाय तुमचा? रविवारी या. उभं करते तुम्हाला," असे सांगून त्या गेल्या. आणि जावईबापू, आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला न विचारता, गेले.

घरी सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. सासरे हसतील, ही भीती त्यांना बुडण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. एकदा, फक्त एकदा, लाटेवर उभे राहायचे आणि मग ताठ मानेने सर्वांना सांगायचे, असा त्यांचा बेत होता. पण तीन महिन्यांत त्यांची प्रगती एवढीच झाली, की पूर्वी ते दचकून पडत, आता समजून-उमजून पडत. बाई म्हणत, हीसुद्धा वाढच आहे. नाकात पाणी गेलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान पटायला वेळ लागतो.

तर, वहिनींच्या तोंडून बातमी निघाली आणि जिन्याने न चढता-उतरता सर्व मजल्यांवर पोहोचली. दुसऱ्या दिवशी जावईबापू लिफ्टमध्ये शिरतात तो आत वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ड्रिलच्या घरघरीत हयात गेल्यामुळे त्यांना थोडे कमी ऐकू येई आणि ते दुसऱ्यालाही कमी ऐकू येते असे समजून बोलत.

"जावईबापू, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!"

जावईबापू चरकले. "कशाबद्दल म्हणता?"

"तुम्ही उभे राहताय ना?"

जावईबापूंच्या हातातली पिशवी खाली पडली. "तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्यांना कळलंय. फक्त अध्यक्षांना नाही."

"डॉक्टर, पाया पडतो, त्यांना सांगू नका!"

"अहो, वेडे आहोत का? शेवटच्या मिनिटापर्यंत गुप्त."

आपले खूळ साऱ्या इमारतीला कळले आणि तरीही कोणी हसत नाही, उलट पाठीशी उभे राहते, हे पाहून जावईबापूंना धीर आला. "पण डॉक्टर, पडलो तर?"

"पडा ना! पडलात तरी हरकत नाही. एकोणीस वर्षांत या इमारतीत कुणाची उभं राहायची छाती झालीय का? बरं, फळीचं काय? फळी केवढी आहे तुमची?"

"नऊ फुटी," जावईबापू म्हणाले.

लिफ्टचे दार उघडण्याच्या खडखडाटात डॉक्टरांच्या कानात शिरले ते "नऊ फुटीर". ते जागच्या जागी खिळले. दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले, तरी ते बाहेर पडेनात.

"नऊ!" ते पुटपुटले. "मानलं तुम्हाला, जावईबापू. दिसता तसे नाही हो तुम्ही."

सोसायटीच्या समितीत सभासद सातच होते. तरी त्यांतले नऊ फुटल्याची बातमी कोणालाही खोटी वाटली नाही, यावरून त्या समितीची प्रतिष्ठा ध्यानात यावी. सातांपैकी प्रत्येकाला वाटले, आपण सोडून सगळेच फुटले आहेत. एकटे मागे राहण्याच्या धास्तीने प्रत्येक जण संध्याकाळपर्यंत खरोखरच फुटला. त्यांतल्या एकाने दोन्ही दगडांवर पाय असावा म्हणून अध्यक्षांच्याही कानाला लागून सांगितले, की रविवारी पहाटे समुद्रकिनारी जावईबापूंची गुप्त बैठक आहे.

गळ्यातली किल्ली अध्यक्षांनी एकदा चाचपून पाहिली. मुख्याध्यापक शिक्षा आधी जाहीर करीत नाहीत. ते रंगेहाथ पकडतात.

शनिवारी संध्याकाळी जावईबापू दुकानातून परतले, तेव्हा बायको दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असा धक्का होता, की घरात कोणी तरी गेले असावे असे त्यांना वाटले.

"तुम्ही उभे राहणार आहात, हे मला खालच्या वहिनींकडून कळावं?"

जावईबापूंनी मान खाली घातली. "सांगणार होतो. आधी जमतंय का ते बघावं म्हटलं."

"कधीपासून चाललंय हे?"

"तीन महिने झाले."

"तीन महिने! आणि हे डोक्यात भरवलं कुणी?"

"एक बाई आहेत."

"बाई?"

"म्हणजे तशा नाही. फार कडक आहेत. म्हणाल्या, तुमच्यात धमक आहे, फक्त कंबर वर उचला."

बायको खुर्चीवरच्या ओल्या चादरीवर मटकन बसली. "अहो, पण बाबांना काय वाटेल याचा विचार केलात?"

"हसतील. दुसरं काय?"

"हसतील? अंथरूण धरतील ते!"

"एवढं काय आहे त्यात?" जावईबापूंना प्रथमच किंचित राग आला. "या वयात माणसानं काही नवीन करू नये का? त्यांनी नसेल केलं कधी, म्हणून..."

"त्यांनी नसेल केलं? एकोणीस वर्षं तेच तर करतायत ते!"

जावईबापूंच्या पायांखालची जमीन सरकली. सासरे, पंचाहत्तरीचे, गुडघ्यांना पट्टे बांधणारे, एकोणीस वर्षे सर्फिंग करीत आहेत! "कुठे?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

"कुठे म्हणजे? खाली पार्किंगमध्ये! दर वर्षी खुर्च्या मांडून!"

मग पार्किंग, खुर्च्या, रविवार, डॉक्टर, नऊ असे एकेक भिंग जावईबापूंच्या डोळ्यांपुढे सरकत गेले आणि अखेरच्या भिंगातून सगळे लख्ख दिसले. तेही चादरीवर बसले.

सारी हकिगत त्यांनी सांगितली. बायको ऐकत गेली तसा तिचा पहिला धक्का उतरला आणि दुसरा चढला.

"समुद्रात? तरीच टॉवेल पापडासारखे कडक होतात! आणि गुडघा फुटला तो जिन्यावर घसरून नाही?"

"नाही."

"सोळा वर्षांत तुम्ही माझ्यापासून काही लपवू शकाल असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली. आवाजात राग होता, पण त्याच्या तळाशी, प्रथमच, थोडा आदरही होता. "मग, राहिलात का उभे?"

"एकदाही नाही."

"तीन महिन्यांत?"

"एकदाही नाही."

"आधी खाली जा आणि मी निवडणुकीला उभा नाही म्हणून सांगून या. बाबांना मी सांगते."

जावईबापू खाली गेले. "वहिनी, मी उभा राहणार नाही," त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले.

वहिनींनी डोळा मारला. "कळलं."

"नाही, खरंच नाही."

"आम्हीही सगळ्यांना तेच सांगतोय. अगदी तुमच्याच शब्दांत."

आपण इच्छुक नाही असे जो तीनदा सांगतो त्याच्याइतका पक्का उमेदवार दुसरा नसतो, हे इमारतीने वर्तमानपत्रांत वाचलेले होते. जावईबापूंनी तिसऱ्यांदा नकार देताच त्यांची उमेदवारी पक्की झाली. तिकडे बायको समोरच्या दाराची घंटा वाजवून थकली. अध्यक्ष दार उघडीनात. आतून एवढेच ऐकू आले, "जे बोलायचं ते उद्या, सर्वांसमक्ष."

बायको परत आली. "आता तुम्ही उद्या उभे राहा किंवा न राहा, इमारतीत तोंड दाखवायची सोय उरलेली नाही," ती म्हणाली. "मग निदान समुद्रात तरी राहा. मी येते बघायला."

रविवारी पहाटे किनाऱ्यावर जावईबापूंनी चष्मा काढून बायकोच्या हाती दिला. चष्म्याच्या दुकानाचा मालक चष्म्याशिवाय ठार आंधळा होता, हा व्यवसायातला एक विनोद होता. परंतु समुद्रात तो विनोद राहत नसे. जग वितळले. वाळूवर काही रंगीत डाग हलत होते. ते मासे न्यायला आलेले लोक असावेत, असे समजून ते पाण्यात शिरले. प्रत्यक्षात ते डाग म्हणजे गुप्त बैठकीला सहकुटुंब आलेली सबंध इमारत होती. वहिनींनी थर्मासमधून चहाही आणला होता.

"आज गर्दी कसली ही?" फळी धरून बाई ओरडल्या. "ते जाऊ दे! पोट फळीवर! हात छातीखाली! पायांकडे बघायचं नाही, किनाऱ्याकडे बघा!"

"दिसत नाही!"

"मग आहे असं समजा!"

फळीवर पालथे पडलेले जावईबापू आणि त्यांच्यावर ओरडणारी एक परकी स्त्री, हे दृश्य वाळूवरून सर्वांनी डोळे फाडून पाहिले. या बैठकीत राजकारण नेमके कोठे आहे, हे कोणालाच उमगेना. गर्दीतून वाट काढीत एक आकृती पुढे झाली. पॅन्ट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, डोक्यावर टोपी, गळ्यात किल्ली. फितुरांना समोरासमोर पाहिल्याखेरीज परतायचे नाही, अशा निर्धाराने अध्यक्ष थेट पाण्यात उतरले आणि मांड्यांपर्यंत पाण्यात जाऊन थांबले.

"जावईबापू!" तो आवाज लाटांवरून आला. "हा काय प्रकार आहे?"

नेमक्या त्याच क्षणी मागून लाट आली. फळीची शेपटी उचलली गेली. जावईबापूंनी हात रेटून कंबर वर घेतली. एक पाय पुढे आला, दुसरा अडखळला. सासऱ्यांच्या आवाजाने नेहमीप्रमाणे अंगातले बळ गेले. आता पडणार, हे त्यांना अनुभवाने कळले. आणि तेवढ्यात समोरून, एकोणीस वर्षांच्या सवयीने, ते दोन शब्द आले.

"खाली बसा!"

जावईबापूंच्या आत काही तरी, ज्याचे नाव त्यांनाही ठाऊक नव्हते, तडकले.

ते उभे राहिले.

दुसरा पाय आपोआप जागी आला. गुडघे वाकले, मान वर झाली, आणि पाणी, जे तीन महिने त्यांना केवळ आपटत आले होते, ते त्यांना खांद्यावर घेतल्यासारखे किनाऱ्याकडे नेऊ लागले. कानांत वारा होता. डोळ्यांना काही दिसत नव्हते, आणि आयुष्यात प्रथमच काही दिसण्याची गरज भासत नव्हती. आपण उभे आहोत, आणि हे आपल्याला बरे वाटते आहे, एवढे मात्र त्यांना स्वच्छ दिसले. परत दाखवण्याची गरज नव्हती.

थांबायचे कसे, हे बाईंनी अजून शिकवले नव्हते. उभेच न राहणाऱ्याला ते शिकवून काय करायचे, असा त्यांचा हिशेब होता.

फळीने अध्यक्षांना मांड्यांशी गाठले. पुढच्या क्षणी पाण्यावर फक्त एक टोपी तरंगत होती.

"अध्यक्ष पडले!" डॉक्टर ओरडले. ते नेहमीच मोठ्याने बोलत. मागे उभ्या असलेल्यांना समोरचे काही दिसत नव्हते. त्यांनी तेवढेच ऐकले आणि लगेच घरी राहिलेल्यांना मोबाइलवरून कळवले. इमारतीपर्यंत बातमी पोहोचली ती अशी : अध्यक्ष पडले, जावईबापू आले. सभा अजून अकराला व्हायची आहे, याचे त्या घटकेला कोणाला स्मरणच राहिले नाही.

बाईंनी एका हाताने जावयाला आणि दुसऱ्या हाताने सासऱ्यांना बाहेर काढले. अध्यक्ष वाळूवर बसले. त्यांच्या नाकातून, कानांतून, खिशातून पाणी वाहत होते. त्यांनी छाती चाचपली. दोरी होती, किल्ली नव्हती. बायकोने नवऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि त्यांना प्रथमच कळले, की आपण कोणाला पाडले.

"बाबा!" ते किंचाळले. "लागलं का हो?"

अध्यक्षांनी तोंडावरचे पाणी निपटले. ते समुद्राकडे पाहत होते. एखाद्या विद्यार्थ्याने प्रथमच उलट उत्तर द्यावे आणि ते बरोबर निघावे, तसे.

अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. अध्यक्ष कोरडे कपडे घालून खुर्चीत बसले होते. केसांत मात्र अजून वाळू होती. "अध्यक्षपदासाठी कोण उभं राहतंय?" त्यांनी विचारले.

सगळ्यांच्या माना जावईबापूंकडे वळल्या. वहिनींनी त्यांना कोपराने ढोसले. डॉक्टर "चला, उठा!" असे कुजबुजले, ते फाटकाबाहेर ऐकू गेले. समितीच्या सातही फुटिरांनी हात वर करायची तयारी ठेवली. जावईबापू सावकाश उठले. समोर बायको होती.

"मी सकाळीच उभा राहून आलो," ते म्हणाले. "आता बसतो."

आणि ते बसले. त्यांना कोणी खाली बसा म्हटले नव्हते.

मग सातही हात, वर जाण्यास निघालेच होते म्हणून, अध्यक्षांच्या बाजूने वर गेले. विसाव्यांदा अध्यक्ष बिनविरोध निवडून आले. आभाराचे भाषण त्यांनी केले नाही. "किल्ली समुद्रात गेली," एवढेच ते म्हणाले. "गच्चीचं कुलूप तोडा." डॉक्टरांनी नव्या कुलपाचे काय, असे विचारले. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे चष्म्यावरून पाहिले. सगळे "खाली बसा"ची वाट पाहू लागले.

"नको," अध्यक्ष म्हणाले.

पुढच्या रविवारी पहाटे जावईबापूंनी हळूच दार उघडले, तो समोरचे दार आधीच उघडे होते. उंबऱ्यात सासरे उभे होते. गुडघ्यांना पट्टे, काखेत टॉवेल.

"जावईबापू," त्यांनी जिन्याकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला, "आयुष्यात मी एकदाही पडलो नव्हतो. नोकरीत नाही, सोसायटीत नाही. पडल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊकच नव्हतं."

"बाबा, मी परत एकदा माफी..."

"माफी नको. आधी पूर्ण ऐका. मला ते..." त्यांनी शब्द शोधला, मुख्याध्यापकाला तो सहज सापडला नाही. "मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुमच्या त्या बाई माझ्या वयाचं कुणाला घेतात का?"

बाईंनी घेतले. त्या दिवशी सासरे फळीवर पालथे पडले, घसरले, उलटले, आणि प्रत्येक वेळी डोळे विस्फारून, जणू त्यांच्याविरुद्ध काही कारस्थान झाले आहे अशा चेहऱ्याने, पाण्यातून वर आले. शेवटी एका लाटेवर ते गुडघ्यांवर आले, अर्धे उठले, क्षणभर तरंगले आणि धाडकन कोसळले. जावईबापूंनी फळी सरळ करून धरली आणि सासऱ्यांच्या तोंडावरचे पाणी निथळेपर्यंत वाट पाहिली.

"बाबा," त्यांनी दुकानातल्या मऊ आवाजात विचारले, "हे बरं, की मघाचं?"

सासऱ्यांनी नाक शिंकरले, डोळे चोळले आणि फळीवर पुन्हा पोट टेकले.

"परत एकदा दाखवा," ते म्हणाले.